अध्यक्षांचं कापड

कुपांग बंदर,
४ मार्च १९९६

विलाच्या आईस,

आधी बातमी, मग खुशाली. तुझा नवरा अध्यक्ष झाला.

हसू नकोस, नीट वाच. मंगळवारी गोदामावरचा पहारा संपल्यावर मी सरकारी कचेरीत गेलो होतो. बेटांवरच्या बायकांच्या विणकाम-गटांची नावं तिथं लिहून घेतायत. नाव लागलं की शहरातल्या दुकानाचं काम मिळतं. लिडियाबाई म्हणून एक दुकानवाल्या आहेत, त्या हॉटेलात उतरणाऱ्या पाहुण्यांना कापड विकतात. त्यांना आपल्या सावू बेटाचं कापड हवंय, तेही तीस नग, आणि काम सुरू करायच्या आधी अर्धे पैसे हातात देणार. मी म्हटलं, आमच्या गावी चौदा बायका रोज नीळ ढवळत बसतात, त्यांचं नाव घाला.

कारकुनानं विचारलं, "अध्यक्ष कोण?" आता तू तिकडे, मी इकडे, मधे समुद्र. मी म्हटलं, "मीच." तो म्हणाला, "अहो, गट बायकांचा ना?" मी म्हटलं, "मग काय झालं? अंडी कोंबडी घालते, पण बांग कोण देतो?" त्याला पटलं असावं, कारण त्यानं शिक्का मारला.

कागदाची प्रत सोबत आहे. सगळ्यांना वाचून दाखव, आणि माझं नाव येईल तिथं जरा आवाज चढव. आईला सांग की तिच्या पोटी अध्यक्ष जन्मला. विलाला पापा, तुला नाकाला नाक.

तालो
(अध्यक्ष)


सावू,
१५ मार्च

विलाच्या बाबांना, म्हणजे अध्यक्षसाहेबांना,

पत्र बोटीवरच्या आचाऱ्यानं आणून दिलं. आई ताडाची काकवी पीत बसल्या होत्या. त्यांना म्हटलं, तुमचा मुलगा अध्यक्ष झाला. त्या म्हणाल्या, "कशाचा?" मी म्हटलं, "आमचा." तर इतक्या हसल्या की काकवी नाकात गेली आणि मला पाठ थोपटत बसावं लागलं.

तुमच्या हुकमाप्रमाणे सभा घेतली. सभा नीळ-झोपडीतच घ्यावी लागते, रांजण सोडून कुणाला उठता येत नाही. आणि झोपडीत बाप्यामाणूस शिरला तर रांजणातली नीळ मरते, हे मी तुम्हाला काय सांगणार? लहानपणी चेंडू आणायला आत घुसला होतात तेव्हा आईंनी फोक मोडेपर्यंत मारलं होतं, ही गोष्ट त्या अजून सांगतात. तेव्हा अध्यक्षांना त्यांच्या स्वतःच्या सभेला येता येणार नाही, हे तर उघडच आहे. पण नवाच प्रश्न निघाला. बाप्या आत आला तर नीळ मरते, मग बाप्याचं नाव आत आलं तर? पिगा आजी आमच्यात सगळ्यांत थोरली, ती म्हणाली, "नावाला पाय नसले तरी वास असतो. बाहेरच ठेवा."

म्हणून कागद कुंपणाला अडकवला आणि मी दारात उभी राहून वाचला. तुमचं नाव आलं तेव्हा आवाजही चढवला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. नंतर तो कागद शेळीनं खाल्ला. शिक्का तेवढा शिल्लक आहे, शाई कडू लागली असणार.

काम मात्र आम्हाला पसंत आहे. ते अर्धे पैसे येतील त्यांची झोपडीशेजारी सिमेंटची टाकी बांधायची, असं सगळ्यांच्या मतानं ठरलंय. आज विहिरीवरून पाणी वाहण्यात आमचा अर्धा दिवस जातो. टाकीत पावसाचं पाणी साठलं तर तो अर्धा दिवस मागावर बसता येईल. टाकी नसेल तर तीस कापडं होणं कठीण आहे, हे मी थट्टेनं लिहीत नाही. अध्यक्षांची सही लागते म्हणे. तेवढी करून टाका.

तुमची आज्ञाधारक,
बेना


कुपांग,
२९ मार्च

विलाच्या आईस,

शेळीला बांधून ठेवत जा.

टाकीचं नंतर बघू. आधी हे लक्षात घे की गटाला आता बाहेरच्या जगात तोंड दाखवायचंय. आपल्या सेबा बंदरावर बोटीतून उतरून घामाघूम चालत येणारा अध्यक्ष कुणी पाहिलाय का? मी इथं एक मोटरसायकल बघून ठेवलीय. लाल आहे, जुनी असली तरी फर्रकन सुरू होते. गटाच्या कामासाठीच वापरायची. पाणी तुम्ही आजवर वाहिलंतच, आणखी एखादं वर्ष वाहा. लिडियाबाईंना मी सांगितलंय की समारंभानंतर येऊन पैशांवर सही करतो.

आणि जरा शिस्त लागायला हवी. दुकानाचं काम संपेपर्यंत मागावर दुसरं काही चढवायचं नाही. लग्नाचं नाही, सणाचं नाही, नात्यातलं नाही, मग ते कुणाचंही असो. ओळखीपाळखीनं मधे घुसणं बंद. अध्यक्षाला उलट प्रश्न विचारणंही बंद. हे पिगा आजीलाही सांग.

आता महत्त्वाचं. वीस एप्रिलला लिडियाबाईंच्या दुकानात समारंभ आहे. साहेब लोक येणार, बंदरावरच्या आपल्या सावूच्या बायकांना नाचायला बोलावलंय, आणि मला चौथऱ्यावर उभं करणार आहेत. तिथं मी नेहमीचं कापड नेसून कसा जाऊ? तुझ्या पेटीच्या तळाशी ताडपानांच्या टोपलीत एक ठेवलंय, आईनं विणलेलं. मला ठाऊक नाही असं समजू नकोस. मी शेतात गेलो की तुम्ही दोघी दरवर्षी ते उन्हात घालता. एकदा मी लवकर परतलो तर झटकन गुंडाळलंत. एवढं गडद, काळंभोर निळं कापड मी जन्मात पाहिलेलं नाही. घरातली सगळ्यांत चांगली वस्तू घरच्या पुरुषापासूनच लपवायची, ही कुठली रीत? तेच पाठव. प्रश्न नकोत.

तालो
(अध्यक्ष)


सावू,
९ एप्रिल

अध्यक्षसाहेबांना,

टोपली आचाऱ्याच्या हाती पाठवली आहे. तो ती घ्यायलाच तयार नव्हता, पण का ते त्यालाही बोलता येईना. शेवटी तोंड फिरवून घेतली.

पाठवण्याआधी मी दोन दिवस विचारात घालवले. दुसरं एखादं पाठवू का, असं विचारणार होते, पण प्रश्न नकोत म्हणालात. ते कशासाठी विणलंय ते सांगणार होते, पण ज्याचं असतं त्याला ते सांगायचं नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. तुम्ही विचारायची बंदी केलीत, रीतीनं सांगायची. मी मधल्यामधे अडकले. म्हणून आईंपुढे तुमचं पत्र वाचलं. टाकीऐवजी मोटरसायकल, इथंपर्यंत आल्यावर त्यांनी मला ते पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, मी सांगते ते लिही. त्यांचे शब्द असे:

"तालो, तू पाळण्यात होतास तेव्हा मी ते विणायला घेतलं. सात वर्षं नीळ दिली. तुझ्याचसाठी आहे, दुसऱ्या कुणाचं नाही. आता माझे डोळे गेले, दुसरं माझ्या हातून होणार नाही. पण तुला नेसायची एवढी घाई झाली असेल तर आईनं अडवू नये. नेस. फक्त नेसून आडवा होऊ नकोस. आणि म्हाताऱ्या बायका बसल्या असतील तिथून जरा लांबून जा."

झालं. एवढंच सांगितलं आणि मुगाच्या शेंगा सोलायला घेतल्या.

विला बरी आहे. समारंभात कोण काय म्हणालं ते सविस्तर कळवा. आम्ही सगळ्या वाट पाहतोय.

बेना


कुपांग,
२४ एप्रिल

बेना,

तुला बायको म्हणू की वैरीण?

सविस्तर कळवा म्हणालीस ना, मग ऐक. पांढरा सदरा, त्यावर ते कापड, केसांना तेल. आरशात मी स्वतःलाच ओळखलं नाही. चौथऱ्यावर लिडियाबाई, त्यांच्या शेजारी तीन साहेब. कारकुनानं पुकारलं, "गटाचे अध्यक्ष, श्री. तालो!" मी उठून पुढे आलो.

समोर सावूच्या बायका बसल्या होत्या, पुढच्या रांगेत मासळी विकणारी रागा मावशी. तिनं माझ्याकडे पाहिलं, कापडाकडे पाहिलं, आणि दोन्ही हात छातीवर मारून गळा काढला, "अरे माझ्या लेकरा, कुठल्या वाटेनं गेलास रे!" तिच्यामागे दुसरी, मग तिसरी. बघता बघता वीस बायका सुरात रडायला लागल्या. साहेबांना वाटलं, हे स्वागतगीत आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. लिडियाबाईंनी टेपवर भरून घेतलं. आणि मीही मूर्ख, मला वाटलं माझा एवढा मान! मी मान लववून हसत उभा राहिलो. एक साहेब तर म्हणाले, पुन्हा एकदा होऊ द्या.

शेवटी रागा मावशी चौथऱ्यावर चढली. माझ्या नाकाला नाक लावायला वाकली आणि किंचाळली, "अगं, गरम आहे! जिवंत आहे मेला!" मग मला कोपऱ्यात ओढून तिनं सांगितलं मी काय नेसलोय ते.

माझंच मयताचं कापड, बेना. मला पुरताना गुंडाळायचं.

मला कुणी सांगितलं नाही. आईनंही नाही! सांगायचं नसतं हे मलाही ठाऊक आहे, पण ते दुसऱ्यांच्या बाबतीत. आणि रागा मावशी म्हणते, जिवंतपणी एकदा नेसलं की ते साधं कापड झालं, त्या कामाचं उरलं नाही. म्हणजे आज मला काही झालं तर? मेल्यावर पलीकडच्या काठावर आपल्या आया-आज्या उभ्या असतील, त्या कापडावरूनच आपलं माणूस ओळखतात. मला कशावरून ओळखतील, गोदामाच्या गणवेशावरून?

काल गोदामात माझ्यापासून हातभर अंतरावर एक पेटी पडली. दोन दिवस खोकतोय. ताडाची नीरा उतरवायचा हंगाम आलाय, पण मेल्यावर गुंडाळायला कापड नसताना मी बोटीत बसणार नाही आणि ताडावर तर मुळीच चढणार नाही. त्या कापडाची वीण कुळातल्याच लेकीला शिकवतात; तुम्ही दोघी एकाच कुळाच्या, म्हणून आईनं ती तुला शिकवलीय. दुसरं लगेच विणायला घे. पत्र मिळताच घे.

नाकाला नाक वगैरे काही नाही.

तालो


सावू,
६ मे

अध्यक्षसाहेबांना,

तुमचं पत्र झोपडीबाहेर वाचलं. पिगा आजीला हसून हसून उचकी लागली, ती दुपारपर्यंत थांबली नाही. आईंनी मात्र "गरम आहे, जिवंत आहे" एवढं दोनदा वाचून घेतलं आणि डोळे पुसले. मला वाटतं त्या हसत नव्हत्या.

आता कामाचं. तुमची मागणी मी सभेपुढे ठेवली. बायकांना तुमची दया आली. पण अडचण अशी की दुकानाचं काम संपेपर्यंत मागावर दुसरं काही चढवायचं नाही, लग्नाचं नाही, सणाचं नाही, नात्यातलं नाही, मग ते कुणाचंही असो. हा हुकूम आम्ही विलाकडून मोठ्या अक्षरांत लिहून घेतलाय. शेळी पोचणार नाही इतक्या उंचावर लावलाय. मी अध्यक्षांची बायको म्हणून मधे घुसले, तर चार लोक काय म्हणतील?

तीस कापडं आहेत. पाणी विहिरीवरून आणायचं आहे. माझा हिशेब बरोबर असेल तर तुमची पाळी दोन वर्षांनी येईल, ज्वारीच्या काढणीनंतर. तोवर जपून राहा. पेट्यांखाली उभे राहू नका, खोकल्याला काकवीत आलं घालून प्या.

अध्यक्षांना काढायचा नियम आमच्याकडे नाही, आणि आम्ही काढणारही नाही. तुमच्याबद्दल आम्हाला आदरच आहे. पण पिगा आजीनं एक गोष्ट बोलून दाखवली ती कळवते. ती म्हणाली, ज्याला झोपडीत येता येत नाही त्याला रांजणात काय चाललंय ते दिसत नाही, आणि ज्याला दिसत नाही तो असले नियम करतो. झोपडीत येता येणारं कुणी अध्यक्ष असतं तर त्यानं कदाचित नियम बदलला असता, असं तिला म्हणायचं होतं. आता असं माणूस कुठून आणायचं ते तुम्हालाच ठाऊक.

आज्ञाधारक,
बेना


कुपांग,
१७ मे

बेना,

आज कचेरीत जाऊन आलो. कारकुनाला म्हटलं, माझं नाव खोड. तो म्हणाला, "का हो, कोंबड्याचा आवाज बसला?" मी म्हटलं, बसला. "मग आता अध्यक्ष कोण?" मी म्हटलं, जी सगळ्यांना सांभाळून घेते आणि एका पत्रात नवऱ्याला गुंडाळून ठेवते, ती. त्यानं तसं लिहायला नकार दिला, म्हणून तुझं नाव सांगितलं. बेना, एवढंच, माझं नाव पुढे न लावता. शिक्का मारलेला कागद सोबत आहे.

तिथून लिडियाबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, तुमची सही आता चालणार नाही. मी म्हटलं, मी सही करायला आलोच नाही, निरोप द्यायला आलोय. पैसे पुढच्या आठवड्याच्या बोटीनं तुझ्याच नावानं येतील, त्या स्वतः येऊन तुझ्या हातात देणार आहेत. टाकीला लागणाऱ्या सिमेंटचा भाव मी इथं काढून ठेवलाय, सेबापेक्षा स्वस्त पडेल. बोटीवर चढवून देतो. हे अध्यक्ष म्हणून करत नाही, हमाल म्हणून करतो.

मोटरसायकल दुसऱ्याच कुणी नेली. वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही.

एक खरं सांगू? चौथऱ्यावर त्या बायका रडत होत्या तेव्हा, काही कळायच्या आधी, मला फार बरं वाटलं होतं. वाटलं, इतकी माणसं आपल्यासाठी! नंतर कळलं ती कशासाठी रडत होती. मग मनात आलं, माझी आई सात वर्षं ही नीळ देत बसली तेव्हा तिला काय वाटलं असेल? मी तेव्हा दुडूदुडू चालत असेन. आणि तू दरवर्षी ते उन्हात घालायचीस. मी काय मागितलं ते मला ठाऊक नव्हतं, बेना. मी तुम्हा सगळ्यांवरच ओरडलो.

आता अध्यक्षीणबाईंना अर्ज करतो. मागावर एक कापड चढवण्याची परवानगी मिळावी. पाळी मोडून नको. पण दोन वर्षं थांबवूही नका, मला बोटीत बसून घरी यायचंय.

अर्जदार,
तालो


सावू,
२ जून

विलाच्या बाबांना,

लिडियाबाई येऊन गेल्या. आम्ही त्यांना झोपडीत बसवलं, त्यांनी रांजणात हात घातला आणि कोपरापर्यंत निळ्या होऊन परत गेल्या. पैसे मी घेतले, सही मी केली. नाव लिहून झाल्यावर मी ते बराच वेळ बघत बसले. सिमेंट पोचलं. चौदा जणींनी खड्डा खणायला घेतलाय, पाऊस यायच्या आत टाकी उभी राहील.

तुमच्या अर्जावर निर्णय झाला. जुना नियम रद्द. मयताचं आणि बारशाचं कापड कधीही मागावर चढवता येईल, त्याला रांग नाही. तुमच्या कापडाच्या सुताला नक्षीच्या पहिल्या गाठी मी काल बांधल्या. आई शेजारी बसल्या होत्या. डोळ्यांनी दिसत नाही, पण बोटांनी गाठी मोजतात आणि चुकलं की मनगटावर चापट मारतात.

तुम्ही खरं लिहिलंत म्हणून मीही लिहिते. ती टोपली पाठवताना मी नुसती थट्टा करत होते असं समजू नका. टाकीवर पाणी सोडून मोटरसायकल मागितलीत याचा राग होता, तो तर होताच. पण त्याहून जुनी एक गोष्ट आहे. ते कापड माझ्या पेटीत असलेलं मला कधीच सहन झालं नाही. लग्न होऊन आले त्याच वर्षी आईंनी ते माझ्या हवाली केलं. दरवर्षी ते बाहेर काढायचं, उन्हात झटकायचं, कसर लागली नाही ना बघायचं, पुन्हा घडी घालायची. तुम्ही ताडावर चढलेले असायचात आणि मी खाली तुमचं कापड वाळवत असायचे. किती वेळा मनात आलं की शेळीला घालावं. ते टोपलीतून निघून गेलं त्या दिवशी मी बारा वर्षांत पहिल्यांदा पेटी न घाबरता उघडली.

तेव्हा आता नव्याबद्दल ऐका. ते मी विणणार आहे, आणि नीट विणणार आहे. पण घाई करणार नाही. आईंनी सात वर्षं नीळ दिली, मी त्याहून जास्त देणार. वर्षातून एकदाच बुडवीन, तेही आठवण झाली तर. अर्धं झालं की पसंत नाही म्हणून उसवीन. पिगा आजी म्हणते, या चालीनं ते पुरं व्हायला चाळीस वर्षं लागतील. मी म्हटलं, तेवढीच हवीत.

तुम्ही निर्धास्तपणे बोटीत बसा आणि घरी या. कापड तयार नाही, आणि ते तयार होईपर्यंत तुम्हाला मरायची परवानगी नाही. हा अध्यक्षांचा हुकूम आहे.

बेना